प्रमुख पाहुणे पलीकडच्या काठावर

एका जंगलात, बाळांनो, एक नदी होती आणि नदीवर एक साकव होता. साकव म्हणजे दुसरेतिसरे काही नाही, आडवा पडलेला एक जुना ओंडका. तो कुणी बांधला नव्हता. वादळात एक झाड उन्मळले, नेमके दोन्ही काठांवर टेकले आणि जंगल म्हणाले, बरे झाले.

नदीच्या अलीकडे जंगल होते. पलीकडे रानम्हशींचे कुरण होते. अलीकडच्या ज्या पिल्लांना आईचे दूध मिळत नसे, त्यांच्यासाठी रोज सकाळी पलीकडून दूध येई. वानरे वाळक्या भोपळ्यांत दूध भरत, साकवावरून आणत, पिल्ले पीत आणि मोठी होत. काम इतके साधे होते.

पण साधे काम नुसते चालले तर त्याला काय शोभा? म्हणून 'पिल्लू दूध मंडळ' स्थापन झाले. वानरे पूर्वीही दूध आणत होती, तशीच ती आणत राहिली. फक्त आता ती मंडळाच्या वतीने आणू लागली.

मंडळाचे अध्यक्ष होते अस्वलराव. जन्मात कधी भोपळा उचलला नव्हता, म्हणून त्यांचे हात नेहमी स्वच्छ असत. आणि मंडळाचा कारकून होता काटोबा साळिंदर.

हा काटोबा वाईट नव्हता हो. भित्रा होता. त्याचे अक्षर मात्र मोत्यासारखे होते. आपल्याच अंगाचा एक काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि पळसाच्या पानावर अशी ओळ लिहायची की वाचणाऱ्याने मजकूर विसरून अक्षरच बघत बसावे. मंडळात अशाच मजकुराची गरज असते. त्यामुळे काटोबाला मोहाच्या बुंध्याखाली एक कोरडे, ऐसपैस बीळ मिळाले होते आणि ते आपल्याकडे राहावे एवढीच त्याची आयुष्याकडून अपेक्षा होती.

त्याच्या शेजारी भुरी नावाची सशीण राहत असे. तिला उशिरा एक पिल्लू झाले होते आणि तिचे दूध आटले होते. ते पिल्लू मंडळाच्या दुधावर जगत होते. रोज सकाळी काटोबाच्या दारावरून भुरी भोपळा घेऊन जाई आणि पिल्लू तिच्या पायांत घोटाळत मागून येई. काटोबा त्याला एखादे जांभूळ देई. पिल्लू ते चाटून टाकून देई. असा त्यांचा रोजचा व्यवहार होता.

एका हिवाळ्यात जंगलात रोहित पक्षी आला. लांब गुलाबी पाय, वाकडी चोच, फार दूरच्या देशांतून आलेला. तो एका पायावर उभा राहून बोलत असे. एका पायावर उभा राहून बोलणारा दोन पायांवरच्यापेक्षा शहाणा असतो, असे जंगलात सगळे मानत.

रोहिताने साकव पाहिला आणि चोच वाकडी केली. ती तशीही वाकडीच होती.

"हा ओंडका उद्या वाहून गेला तर?" त्याने विचारले.

हा विचार कुणाच्या मनात आला नव्हता असे नाही. वानरांच्या मनात तो रोज येई, कारण ओंडका त्यांच्याच पायांखाली करकरत असे. पण वानरांना मंडळात विचारतो कोण?

"तुम्हाला सातत्य योजना हवी," रोहित म्हणाला. "संकट आलं तरी काम थांबता कामा नये. तुमचं कोणतं काम एक दिवसही थांबून चालणार नाही, ते आधी ठरवा."

अस्वलरावांनी विचार केला. "बैठक," ते म्हणाले.

"दूध," काटोबा हळूच म्हणाला.

"हो, तेही," अस्वलराव म्हणाले.

आता एक खरे सांगतो. रोहिताने सुचवलेला उपाय चांगला होता. वेलींचा एक लांब, जाड दोर वळायचा. साकव गेलाच, तर घारीने एक बारीक वेल चोचीत धरून पलीकडे न्यायची. वेलीला दोर बांधलेला असायचा. पलीकडच्या रानम्हशींनी वेल ओढली की मागोमाग दोर येणार. तो दोन्ही काठांवरच्या झाडांना बांधायचा, भोपळे त्याला अडकवायचे आणि सरकवत अलीकडे ओढायचे. पोहणे नको, साकव नको, कुणाच्या जिवाला धोका नको. वानरांनी दोर वळला. घारूताईने उडून दाखवले. सगळे जमत होते.

इथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण रोहित म्हणाला, "याची रंगीत तालीम घ्या."

तालीम म्हटल्यावर मांडव आला. मांडव म्हटल्यावर प्रमुख पाहुणे आले. जंगलात प्रमुख पाहुणे कोण असणार? वाघमहाराज. वाघमहाराज येणार म्हणून मोरांनी स्वागतगीत बसवले. खारींनी पायघड्या घातल्या. दोराचे वेटोळे वडाच्या फांदीवर मांडले आणि त्याला लाल फुलांच्या वेलीची एक सुंदर गाठ मारली. ती वाघमहाराजांच्या शुभहस्ते सुटायची होती.

तालीम फार छान झाली. महाराजांचे स्वागत झाले. हार झाला. नारळ फुटला. गीत झाले. अस्वलरावांनी प्रास्ताविक केले आणि ते संपेपर्यंत सावल्या लांबल्या. महाराजांनी पंजाच्या एका नखाने गाठ सोडली. घारूताई उडाली, दोर ताणला गेला, एक भोपळा सरकत आला. तो भोपळा अस्वलरावांच्या भाच्याला पाजण्यात आला. 'भुकेले पिल्लू' म्हणून त्याचीच निवड झाली होती. हा भाचा इतका गुबगुबीत होता की त्याला भुकेला दिसण्यासाठी पोट आत ओढून धरावे लागत होते.

खऱ्या भुकेल्या पिल्लांना मागच्या रांगेत बसवले होते. त्यांना दिसत नव्हते, पण टाळ्या ऐकू येत होत्या.

समारंभानंतर रोहिताने काटोबाला बाजूला बोलावले. "आता योजना लिही. एकच नियम लक्षात ठेव. जे करता ते लिहा आणि जे लिहिलंय तेच करा. त्यात काडीचाही फरक नको."

काटोबाने मान डोलावली. त्याने नवा काटा उपटला आणि जे केले ते लिहिले. पायरी पहिली, प्रमुख पाहुण्यांचे आगमन व स्वागत. मग हार. मग नारळ. मग गीत. मग प्रास्ताविक. मग पाहुण्यांच्या शुभहस्ते गाठ सोडणे. त्याच्यापुढे घार, वेल, दोर, भोपळा.

लिहिताना त्याचा काटा पहिल्या पायरीवर जरासा अडखळला होता. पूर आला असताना हार कसला, असे त्याच्या मनात येऊन गेले. पण ती पायरी गाळली तर महाराजांना काय वाटेल? अस्वलरावांना काय वाटेल? त्याला मोहाखालचे बीळ आठवले. त्याने पहिली ओळ इतर ओळींपेक्षा थोडी मोठ्या अक्षरात लिहिली.

अस्वलरावांनी अक्षर बघितले आणि योजना मंजूर केली. दोराचे वेटोळे पुन्हा वडाच्या फांदीवर ठेवले आणि त्याला लाल फुलांच्या वेलीची तशीच गाठ पुन्हा मारली. काटोबाला 'सातत्य अधिकारी' हे पद मिळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुरी भोपळा घेऊन चालली होती. तिने विचारले, "काटोबादादा, पावसाळ्यात माझ्या पिल्लाचं दूध बंद नाही ना पडणार?"

"वेडी की काय तू?" काटोबा म्हणाला. "माझ्या हातची योजना आहे."

भुरी निश्चिंत झाली. पिल्लाने जांभूळ चाटून टाकून दिले.

पाऊस येण्याआधीच रोहित उडून गेला. संकटात टिकून कसे राहावे हे शिकवणारे पक्षी, बाळांनो, संकटाच्या आधी निघून जातात. म्हणून तर ते इतके टिकतात.

मग एके दुपारी नदी आली. जंगलावर ऊन होते. पाऊस पडला होता दूर डोंगरात, त्यामुळे कुणाला सावध व्हायला सवड मिळाली नाही. पाणी लाल, फेसाळ, मातीच्या वासाचे. त्याने साकव उचलला आणि काडीसारखा वळवून नेला. काठावरची वानरे नुसती बघत राहिली.

मंडळाची बैठक ताबडतोब भरली. या बाबतीत त्यांना नावे ठेवायला जागा नाही. झाडून सगळे सदस्य आले. अस्वलरावांसाठी मध आला, बाकीच्यांसाठी गवती चहा आला.

"घाबरायचं कारण नाही," अस्वलराव म्हणाले. "आपल्याकडे योजना आहे. काटोबा, वाच."

काटोबाने घसा खाकरला. "पायरी पहिली. प्रमुख पाहुण्यांचं आगमन व स्वागत."

"बोलवा महाराजांना."

मग मागून एक वानर म्हणाले, "महाराज सकाळी पलीकडे गेलेत. कुरणाच्या कुंपणाचं उद्घाटन होतं."

सगळ्यांनी नदीकडे पाहिले.

"घारूताईला पाठवा," अस्वलराव म्हणाले. "महाराजांनाच विचारू."

घारूताई पलीकडे गेली आणि परत आली. "महाराज म्हणतात, मी यायला एका पायावर तयार आहे. न्यायची व्यवस्था करा."

"मग या म्हणावं, साकवावरून," एक सदस्य सवयीने बोलून गेला.

"साकव वाहून गेला," घारूताई म्हणाली. "महाराज म्हणतात, दोर बांधा, दोराला धरून येईन."

"दोर त्यांच्या हस्ते सुटायचा आहे," काटोबा म्हणाला.

घारूताई पुन्हा पलीकडे गेली आणि पुन्हा परत आली. "महाराज म्हणतात, मग मी आल्यावर सोडतो."

घोडे कुठे अडले आहे ते प्रत्येकाला दिसत होते. पण घोड्याला हात लावणे हे कुणाचेच काम नव्हते.

"मी सोडू का गाठ?" वानर म्हणाले.

"तू प्रमुख पाहुणा आहेस?"

वानर खाली बसले.

"साहेब, तुम्ही सोडली तर?" काटोबाने अस्वलरावांना विचारले.

अस्वलराव दचकले. "महाराज तिकडून बघतायत. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची गाठ मी सोडू? उद्या महाराज अलीकडे येतील तेव्हा काय सांगायचं? आणि रोहितसाहेबांचा नियम विसरलास? लिहिलंय तेच करायचं. लिहिलंय कुणी?"

काटोबाने मान खाली घातली.

ठराव झाला. पाणी ओसरेपर्यंत थांबावे. पाणी ओसरल्यावर महाराज चालत येतील, गाठ सुटेल आणि योजना तंतोतंत पार पडेल. पाणी ओसरल्यावर दोराची गरज काय, असे कुणी विचारले नाही. तोपर्यंत मंडळाची बैठक अखंड चालू ठेवण्याचे ठरले, कारण सातत्य महत्त्वाचे.

दुसऱ्या दिवशी नदी होती तशीच होती. बैठकही होती तशीच होती. पिल्लांच्या रडण्याने सदस्यांना बोलणे ऐकू येईना, म्हणून बैठक जरा आत, बांबूच्या बेटात हलवली.

भुरी काटोबाकडे आली. पिल्लू तिने तोंडात धरून आणले होते, कारण ते आता चालत नव्हते. तिने ते गवतावर ठेवले.

"दादा, हे काल फार रडलं. आज रडत नाही," ती म्हणाली. "रडत होतं तेच बरं होतं."

काटोबाने पिल्लाकडे पाहिले. त्याने एक जांभूळ त्याच्या तोंडाशी नेले. पिल्लाने चाटले नाही.

"दोर आहे ना तुमच्याकडे?" भुरीने विचारले.

"आहे."

"घार आहे?"

"आहे."

"पलीकडे दूध आहे. मला म्हशींचं हंबरणं ऐकू येतंय. मग काय नाहीये, दादा?"

आपण स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरात काय लिहून ठेवले, हे काटोबाला त्या क्षणी कळले आणि त्याला स्वतःची किळस आली. तरीही तो वडाकडे गेला नाही. तो गेला बांबूच्या बेटात, परवानगी मागायला. असे असते, बाळांनो. भित्र्याला लाज वाटते तेव्हाही तो आधी अर्ज करतो.

अस्वलराव म्हणाले, "आम्हाला तिच्या दुःखाची जाणीव आहे. सहानुभूतीचा ठराव मांडू. तू चांगल्या अक्षरात लिही."

काटोबाने काटा उपटला. 'मंडळाला तीव्र' इतके लिहिले. मग त्याने पान खाली ठेवले, उठला आणि चालू लागला.

"कुठे निघालास?" अस्वलरावांनी विचारले.

तो बोलला नाही. बोलला असता तर थांबला असता.

वडाच्या फांदीवर दोराचे वेटोळे अजून सजवलेलेच होते. लाल फुले वाळली होती, पण गाठ पक्की होती. साळिंदराचे दात चिवट मुळे कुरतडायला केलेले असतात. त्याने गाठ कुरतडून टाकली.

घारूताईने वेल चोचीत घेतली, पुन्हा खाली ठेवली. "नारळ?" तिने विचारले.

"नाही फोडला."

"महाराज समोरच उभे आहेत."

"मला दिसतायत. जा."

घारूताई उडाली. म्हशींनी वेल ओढली. वानरे तर कधीपासून तयार होती, त्यांनी अलीकडचे टोक अर्जुनाच्या झाडाला आवळले. भोपळ्यामागून भोपळा सरकत आला. हे सगळे व्हायला किती वेळ लागला म्हणता? बैठकीतल्या सदस्यांपुढचा चहा निवला, तेवढाच.

पिल्ले भोपळ्यांवर तुटून पडली. काटोबाने एक भोपळा उचलला आणि धावत भुरीकडे नेला. साळिंदर धावते तेव्हा त्याचे काटे खुळखुळतात. भुरीने तो आवाज ऐकला, पण वर पाहिले नाही. ती पिल्लाला चाटत होती. बराच वेळ चाटत होती.

काटोबाने भोपळा खाली ठेवला. भुरीने तो उचलला, शेजारच्या हरिणीच्या पाडसाला दिला आणि आपल्या बिळात निघून गेली.

नदी ओसरली. वाघमहाराज अलीकडे आले. त्यांना सगळे कळले होते, त्यांनी सगळे पाहिले होते आणि ते संतापले होते.

"माझ्याशिवाय दूध आलं?" त्यांनी विचारले. "मग माझं काम काय होतं?"

हा प्रश्न तोवर जंगलात कुणाला पडला नव्हता. आता तो सगळ्यांना पडेल, अशी भीती होती. म्हणून काटोबाची चौकशी लागली.

हिवाळ्यात रोहित परत आला. त्याने एका पायावर उभे राहून योजनेची तपासणी केली. तो म्हणाला, "एकंदर कामगिरी समाधानकारक. संपूर्ण पुरात मंडळाची बैठक एक क्षणही खंडित झाली नाही. सातत्य म्हणतात ते हेच. उणीव एकच. सगळी भिस्त एकाच प्रमुख पाहुण्यावर होती. एकच साकव असणं जसं धोक्याचं, तसंच हे. यापुढे दोन्ही काठांवर एकेक राखीव प्रमुख पाहुणा सज्ज ठेवावा."

मंडळाने टाळ्या वाजवल्या. अलीकडच्या काठासाठी अस्वलरावांची निवड झाली. पलीकडच्या काठासाठी त्यांच्या भाच्याची.

"आणि पहिली पायरी?" काटोबाने विचारले.

"तिला काय झालंय?" अस्वलराव म्हणाले.

काटोबाने माफी लिहून दिली. अक्षर इतके सुंदर होते की महाराजांनी ती वाचली आणि त्याला मोठ्या मनाने क्षमा केली. बीळ त्याच्याकडेच राहिले. नवी योजनाही त्यालाच लिहायला सांगितली आणि त्याने ती लिहिली. राखीव पाहुण्यांना राखीव हार आणि राखीव नारळ त्यात आले. दोराला आता लाल फुलांऐवजी तारेची गाठ आली. ती साळिंदराला कुरतडता येत नाही. हेही त्यानेच लिहिले, एकही अक्षर न बिघडवता.

पुन्हा तालीम झाली. मांडव पहिल्यापेक्षा मोठा होता. या वेळी एक नवा कार्यक्रम होता. आपत्तिग्रस्त मातेचा सत्कार. भुरीला पहिल्या रांगेत बसवले होते. तिला शाल दिली, नारळ दिला. मग वाघमहाराजांच्या शुभहस्ते तिला दुधाने भरलेला एक भोपळा देण्यात आला. मोरांनी पिसारे फुलवले.

भुरीने भोपळा दोन्ही पायांत धरला. तिने त्यात वाकून पाहिले. मग महाराजांकडे पाहिले, अस्वलरावांकडे पाहिले आणि शेवटी काटोबाकडे.

"हे मी पाजू कुणाला?" तिने विचारले.

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांना वाटले, हा तालमीचाच भाग आहे.

अस्वलरावांनी डोळे पुसले आणि ते काटोबाच्या कानाशी वाकले.

"काय सुंदर बोलली रे. हे दर वर्षी ठेवू. योजनेत घाल."

काटोबाने काटा उपटला आणि घातले.

तात्पर्य: संकट येण्यापूर्वी दोर वळून ठेवावा, असे तुम्हाला कुणी शिकवले असेल तर ते विसरा, बाळांनो. दोर वानरेही वळतात. संकटात कमी पडतो तो प्रमुख पाहुणा. म्हणून शहाण्या मंडळाने दोर एकच ठेवला तरी चालेल, पाहुणे मात्र दोन्ही काठांना ठेवावेत. पिल्ले काय, दर वर्षी नवी होतात.